निरोगी क्रमांक दोन

१४ ऑगस्ट

नवीन मायक्रोस्कोप आज एकदाचा चालू झाला. आल्यापासून नुसते नखरे चालले होते त्याचे. शेवटी आ-ग्योक ताईने मशीन गुणी राहावं म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवलेली खाऊची हिरवी पुडी उचलली, मागची तारीख वाचली आणि माझ्यावर उखडली.

"अगं, ही मे महिन्यातच शिळी झालीय! शिळा खाऊ देऊन काम करून घ्यायचं होय गं? तू करशील का?"

ताई म्हणजे आमच्या लॅबचं सर्वात जुनं माणूस. पेशी वाढवणं, रंगवणं, गोठवणं सगळं तिच्याकडे. तिच्यापुढे बोलायची माझी काय बिशाद? ती खाली दुकानात जाऊन ताजी पुडी घेऊन आली. हिरवीच. पिवळी किंवा लाल ठेवली तर मशीन बिघडतं, हे आमच्या ताइनान शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पुडीवर खाऊचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. पुडी ठेवली, बटण दाबलं आणि लेझर पेटला.

लाइ सर दारात उभे राहून हसत होते. "पेइलिंग, तुझी डॉक्टरेट आणि माझी प्राध्यापकी एका पारड्यात, ही पुडी दुसऱ्या पारड्यात. बघ कोण जड भरतंय."

हसताना त्यांच्या हातातला चहा सांडला, पार बुटांवर. हल्लीचे कप फार गुळगुळीत करतात म्हणे.

आता खरं काम. आमच्याकडे रुग्णांच्या कातडीतून वाढवलेल्या पेशी आहेत. हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो; आधी हात जातात, मग पाय, मग गिळणं. शेवटी श्वास. पेशीत एका प्रथिनाच्या गुठळ्या होतात, आणि नव्या मायक्रोस्कोपखाली त्या हिरव्या रंगात इतक्या स्वच्छ दिसतात की पूर्वी आम्ही काय आंधळे होतो असं वाटतं. तुलनेसाठी तीन निरोगी माणसांच्या पेशी आहेत. ती निरोगी माणसं म्हणजे आम्हीच. दोन वर्षांपूर्वी वादळामुळे बाहेरची माणसं आली नाहीत, डॉक्टर मात्र सुई घेऊन बसलेले, तेव्हा सरांनी स्वतःच बाही वर केली. "चला गं, आपण काय कमी निरोगी आहोत?" मग ताईने आणि मीही दंड पुढे केले. कुठली पेशी कुणाची ते बघणाऱ्याला कळू नये म्हणून निरोगी एक, दोन, तीन असे क्रमांक दिलेत. कुणाचा कुठला ते एकट्या सरांना ठाऊक.

१७ ऑगस्ट

निरोगी दोनमध्ये गुठळ्या आहेत.

आधी वाटलं, रंग नीट धुतला गेला नसेल. दुसरी स्लाइड घेतली. मग ताईकडून नव्याने रंगवून घेतली, तिला कारण न सांगता. निरोगी एक स्वच्छ. तीन स्वच्छ. दोनमध्ये गुठळ्या, बारीक, पण पेशीपेशीत. रुग्णांच्यात असतात तशाच, फक्त अजून लहान.

गुरुवार होता, सर दर गुरुवारप्रमाणे कौशुंग शहरात मीटिंगला गेलेले. त्या अंधाऱ्या खोलीत मी एकटीच. एसी एवढा गार आणि माझ्या पाठीवरून घामाची धार.

मला त्या दिवसाचं सगळं आठवतंय. तीन खुर्च्या होत्या. ताई भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती, कारण तिला सुई बघवत नाही. मी मधल्या खुर्चीवर. दुसऱ्या.

१८ ऑगस्ट

सरांना सांगितलं. म्हणजे एवढंच सांगितलं की निरोगी दोन निरोगी दिसत नाही. चित्रं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचललीही नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग खिडकीबाहेर.

मी म्हटलं, "सर, हे क्रमांक उघडायला हवेत ना? ही पेशी कुणाची ते..."

"सातवा महिना लागलाय," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. जुन्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि 'ती भावंडं', म्हणजे भुतं, महिनाभर इथे फिरायला येतात, म्हणून या दिवसांत घर घ्यायचं नाही, लग्न ठरवायचं नाही, ऑपरेशन पुढे ढकलायचं. माझी आई हे सगळं पाळते. पण सर? शिट्टीने भुतं मागे लागतात म्हणतात, तर दरवर्षी या महिन्यात मुद्दाम शिट्टी वाजवत जिन्यावरून फिरणारे आणि ताईच्या शिव्या खाणारे सर?

"महिना संपू दे. त्याआधी मी कुठलाच निकाल उघडणार नाही. आणि त्या स्लाइडकडे तू बघू नकोस, माझ्याकडे ठेव." मग दार लावून घेता घेता त्यांनी विचारलं, "आन-आन आता किती वर्षांची गं?"

"पाच."

"पाच," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिले.

त्यांना माहीत आहे. ती माझीच आहे. उगाच कोण कुणाच्या लेकीचं वय विचारतं?

२२ ऑगस्ट

डाव्या हाताचा अंगठा उडतोय. जुलैपासून उडतोय बहुतेक, मी लक्ष दिलं नव्हतं. आता दुसरं काही दिसतच नाही. बसमध्ये मांडीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत बसते. थांबतो, मला वाटतं थांबला, आणि मेला परत उडतो.

जी-युआनचा फोन आला सिंचूहून. कारखान्यात दोन पाळ्या चालल्यात, या शनिवारीही घरी येत नाही. "आवाज का असा गं तुझा?" म्हणाला. म्हटलं, सर्दी. पंधरा वर्षांच्या ओळखीत मी नवऱ्याशी खोटं बोलले असेन तर वाढदिवसाच्या केकबद्दल. आता काय सांगू? की तुझ्या बायकोचे हात जाणार आहेत, मग पाय, आणि आपल्या लेकीला हे माझ्याकडून मिळालं असेल की नाही हे नाणं उडवून बघण्यासारखं आहे?

आन-आनला आंघोळ घालताना तिची बोटं एकेक करून पाहिली. तिला वाटलं खेळ आहे. खिदळत सुटली.

२५ ऑगस्ट

ताईने सगळ्यांसाठी माशाची पेज आणली होती. सर चमच्याने खात होते. ताई म्हणाली, "काय हो सर, जेवायच्या काड्या विसरलात का? परदेशी पाहुण्यांसारखे चमच्याने जेवताय."

"म्हातारपण. सांधे धरलेत," सर म्हणाले. "आणि पेज काड्यांनी खायला मी काय बगळा आहे?"

ताई खदखदून हसली. मला घास गिळवेना. घशातच अडकतोय असं वाटलं. गिळणं नंतर जातं, आधी हात, हे मला पाठ आहे, तरी वाटलंच.

जेवणानंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. नवा लेख माझ्या नावाने जाईल म्हणाले, त्यांचं नाव शेवटी. लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे सरकवला. "हळूहळू सगळं बघायला लाग. अनुदानाचं, मुलांचं. तुला जमेल."

याच गोष्टीसाठी गेली चार वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आलेय. आणि आज मिळाली तर अंगावर काटा आला. मरणाऱ्या माणसाचे लाड करतात ना, तसे लाड करतायत हे माझे. माझ्या नजरेला नजरही देत नव्हते. किल्ल्या सरकवल्या आणि हात लगेच टेबलाखाली घेतले.

३० ऑगस्ट

आज इमारतीच्या दारात भावंडांसाठी टेबलं मांडली. सगळ्या लॅबनी मिळून. फळं, बिस्किटं, कोरड्या शेवयांचे खोके, पेयांचे डबे, आणि कडेला हात-तोंड धुवायला पाण्याची चिलमची, त्यात नवा टॉवेल. प्रत्येक वस्तूत एक उदबत्ती खोचायची. आमच्या टेबलावर प्रयोगात गेलेल्या उंदरांसाठी ताई दरवर्षी वेगळे दाणे ठेवते.

लॅबच्या वतीने सर तीन उदबत्त्या घेऊन पुढे झाले. वारा नव्हता. तरी धूर सरळ वर जात नव्हता, नागमोडी जात होता, आणि राख त्यांच्या मनगटावर पडत होती. चटका बसला असणार. ते दोन पावलं मागे आले आणि उदबत्त्या माझ्या हातात दिल्या.

"यंदा तू कर."

"मी? सर, पण मोठं तुम्ही..."

"कर म्हणतो ना!"

असं ओरडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. सगळे बघायला लागले. मी पुढे झाले. अशा वेळी लॅबची भरभराट मागतात. मी भावंडांना म्हटलं, मला न्यायचं तर न्या, पण पोरीला हात लावू नका. विज्ञानाची डॉक्टरेट आहे माझी. हात जोडून हेच म्हटलं.

ताई नंतर हळूच म्हणाली, "पेइलिंग, सरांना काहीतरी झालंय गं. चिडके झालेत." मी म्हटलं, त्यांना माझी काळजी लागलीय. ताई म्हणाली, "तुझी? तुला काय धाड भरलीय?"

४ सप्टेंबर

वादळाची सुट्टी. सकाळपासून खिडक्या धडधडतायत. काल जिन्यापलीकडच्या बाईंच्या कुंड्या उडून आमच्या गॅलरीत आल्या.

मी लॅपटॉपवर निरोगी दोनची चित्रं उघडून बसले होते. स्लाइड सरांनी नेली, चित्रं मात्र माझ्याकडे आहेत. किती वेळा बघितली असतील. आन-आन मांडीवर येऊन बसली. तिला काळ्या पडद्यावरचं हिरवं आवडतं.

"आई, हे कोण आहे?"

"ही एक पेशी आहे."

"हिचं नाव काय?"

"हिला नाव नसतं."

"मग आपण ठेवू. पण मुलगी आहे का मुलगा?"

मी म्हटलं, पेशी म्हणजे मुलगी नाही आणि मुलगा नाही... आणि तिथेच माझी जीभ थांबली. कारण हे साफ खोटं आहे. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः शिकवते. बाईच्या पेशीच्या केंद्रकात कडेला एक घट्ट ठिपका असतो. दोन एक्स गुणसूत्रांमधलं एक गुंडाळी करून झोपलेलं असतं, तो ठिपका. पुरुषाकडे एकच एक्स, म्हणून त्याच्यात ठिपका नसतो. केंद्रक निळ्या रंगात दिसतं. आणि तो निळा झोत मी बंद ठेवला होता. त्या झोताने हिरवं फिकं पडतं, म्हणून पहिल्या दिवसापासून बंदच. इतके दिवस मी गुठळ्या मोजत बसले आणि पेशीच्या पोटात काय आहे ते बघितलंच नाही. मूर्ख, मूर्ख, मूर्ख बाई!

ठिपका नसेल तर ती माझी नाही. असेल तर माझी किंवा ताईची.

वादळ कधी थांबणार? बस बंद आहेत. आन-आन विचारतेय, आई तू का चालतेयस गोल गोल?

५ सप्टेंबर, मायक्रोस्कोपच्या खोलीत

ताईकडे रंगवलेली एक जादा स्लाइड होती. निळा लावला.

निरोगी एक: ठिपका आहे. तीन: आहे. दोन: नाही. नाही! शंभर पेशी बघितल्या, दोनशे बघितल्या, कुठेही नाही. पुरुषाची पेशी आहे. माझी नाही! माझी नाही, आन-आनला काही नाही, अंगठा उडतोय तर उडू दे मेला, झोप नाही म्हणून उडतोय! मी पुडीला मिठी मारली. खरंच मारली, फुटलीच असती. आता खाली जाऊन सगळ्यांसाठी जेवणाचे डबे आणते, कोंबडीची तंगडी घातलेले, आणि सरांना जाऊन सांगते की उगाच माझी काळजी करू नका.

तीच तारीख, बसमध्ये

डबे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्यापुढे डबा ठेवला. माझ्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता, मी वाक्य सुरूही केलं होतं, "सर, ती निरोगी दोन..."

सर डब्याचा रबर काढत होते. साधा रबर. अंगठ्याने एका बाजूने ओढत होते, तो निसटत होता. पुन्हा धरत होते, पुन्हा निसटत होता. मला वाटलं आता निघेल, आता निघेल. मग त्यांनी दोन्ही हात डब्यावर तसेच ठेवले आणि म्हणाले, "मी नंतर खातो. निरोगी दोनचं काय म्हणत होतीस?"

आम्ही तिघं होतो त्या खुर्च्यांवर. मी, ताई आणि सर.

"काही नाही," मी म्हटलं. "महिना संपल्यावर बघू म्हणत होते."

त्यांचा रबर काढून दिला आणि बाहेर आले. चहा, चमचा, उदबत्त्या. दर गुरुवारचं कौशुंग. सगळं माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं, आणि मी आपली स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

११ सप्टेंबर

लिहायला काही नाही. रोज त्यांच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवते आणि तिकडेच बघते.

आता वेगळीच भीती वाटते. महिना संपेल आणि ते बोलतील याची.

१५ सप्टेंबर

काल दारं बंद झाली, भावंडं परत गेली. सर आज सकाळी मायक्रोस्कोपच्या खोलीत आले. बगलेत नवी हिरवी पुडी, खिशात ती स्लाइड.

"चल, उघडू क्रमांक."

"गरज नाही सर."

"का?"

"मी निळा लावला होता."

तीस वर्षं तेही पहिल्या तासाला हेच शिकवत आलेत. त्यांना पुढे काही सांगावं लागलं नाही. स्टुलावर बसले.

"मार्चपासून डॉक्टरांकडे जातोय," ते म्हणाले. "कौशुंगला. ते म्हणतात नक्की सांगता येत नाही, वाट बघा. मलाही नक्की नकोच होतं गं. म्हटलं, सातव्या महिन्याच्या नावाने तेवढे दिवस तरी मिळतील. आयुष्यभर त्या भावंडांची टिंगल केली आणि शेवटी त्यांच्याच पदराआड लपलो." मग एकदम माझ्याकडे वळले. "पण तू निळा लावलास कशाला? तुला तर निळा नको असतो."

मी सांगितलं. दुसरी खुर्ची, अंगठा, आन-आनची बोटं. सांगता सांगता रडू फुटलं.

सरांचा चेहरा पार उतरला. "म्हणजे महिनाभर तुला वाटत होतं की तू... आणि मी तुला पोरीचं वय विचारलं!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ती शाळेत जायला लागली असेल तर तुला लॅब झेपेल का, एवढंच मोजत होतो मी. आणि खुर्चीचा काय संबंध? क्रमांक मी पत्त्यांसारखे पिसले होते. वेडे, विचारायचंस ना मला!"

"तुम्ही घाबरवलंत."

"मीच घाबरलेला होतो," सर म्हणाले. "मला दुसरं कुणी दिसतच नव्हतं."

मग ते म्हणाले, "दाखव. मी अजून पाहिलेलं नाही."

स्लाइड लावली. त्यांनी स्वतः फोकस करायला घेतला, चित्र खालीवर उड्या मारायला लागलं, पेशी यायची आणि जायची. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून चकती फिरवली आणि ती स्थिर झाली. त्यांच्या पेशीत त्या सगळ्या गुठळ्या, काठोकाठ हिरव्या.

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "काय स्वच्छ येतं गं हे मशीन." आणि मग, "दर तीन महिन्यांनी माझा एक तुकडा घेत जा. इतक्या लवकरची अवस्था कुणाकडे नाहीये. लेखात वापर."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शेवटचं काम राहिलं. ती स्लाइड निरोगी लोकांच्या खोक्यात परत न ठेवता रुग्णांच्या खोक्यात ठेवायची. मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको. मी ठेवतो." खोक्याच्या खाचा अगदी अरुंद असतात. स्लाइड कडेला टेकायची, घसरायची, पुन्हा टेकायची. ताई दार उघडून आत आली, काय चाललंय ते बघितलं, आणि पाठ फिरवून पुडी सरळ करत उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी दोन्ही हातांनी खोकं घट्ट धरून ठेवलं. ती बसली शेवटी खाचेत.

घरी आल्यावर आन-आनने विचारलं, त्या पेशीचं नाव ठेवलं का? मी तिला उचलून घेतलं. सरांसाठी माझा जीव तुटतोय. आणि तरी, ती माझी नाही, माझी नाही, हे आत कुठेतरी अजून चालूच आहे, सकाळपासून, त्यांचा हात माझ्या हाताखाली थरथरत होता तेव्हासुद्धा.